मुठीत होकायंत्र नको: बाग आणि रानवाटेसाठी स्वस्तातली सुरी निवडताना

मुठीच्या टोकाला होकायंत्र, आत काड्यापेटी ठेवायला पोकळी, पात्याच्या पाठीवर करवतीचे दात. अशी एक काळीकुट्ट सुरी मी काही वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवली होती. बाराशे रुपये मोजले. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या गॅलरीत टोमॅटोला आधार द्यायला बांबू चिरायचा होता. पातं बांबूच्या तोंडावर ठेवलं आणि वरून लाकडाच्या ठोकळ्याने ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला मूठ माझ्या हातात आणि पातं बांबूत! पोकळ मुठीत पातं जेमतेम बोटाच्या पेराएवढं गेलेलं होतं, त्याला आटे पाडून एक नट आवळलेला. होकायंत्राची सुई मात्र शांतपणे लिफ्टकडे बोट दाखवत होती.

सोसायटीचे माळीकाका तेव्हा शेणखताची पिशवी द्यायला वर आले होते. त्यांनी दोन्ही तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, ही शोकेसमध्ये ठिवा.” मग पिशवीतून स्वतःची सुरी काढली. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून बाद झालेली, टोक मोडलेलं, पाजून पाजून पातं निम्म्यावर आलेलं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. त्यांनी बांबूच्या तोंडावर तिने नुसती खाच पाडली, खाचेत लाकडाची पाचर ठेवून ठोकली, आणि बांबू सरळ उभा चिरत गेला. सुरीवर जोर असा पडलाच नाही.

तेव्हापासून माझे पैसे दिसण्यावर जात नाहीत, पात्यावर जातात. पुढे लिहिलं आहे ते सगळं हजाराच्या आतबाहेर बसणाऱ्या, न मिटणाऱ्या, सरळ पात्याच्या सुरीबद्दल आहे. मिटणारा चाकू बागेत मला पटत नाही. त्याच्या बिजागरीत माती आणि चीक जाऊन बसतो, आणि खटका घसरला तर पातं बोटांवरच मिटतं.

आधी आठवडाभर लिहून ठेवा

दुकानात जायच्या आधी एक आठवडा फ्रिजवर कागद चिकटवा आणि बागेत काय काय कापलं ते लिहा. माझ्या कागदावर हे निघालं: सुतळी, काथ्याची दोरी, खताच्या पोत्याची शिवण, कोकोपीटच्या विटेवरचं प्लास्टिक, ठिबकची 16 मिलिमीटरची नळी, दुधी, अळू, केळीचं पान, कुंडीत गोल गोल फिरून गच्च झालेली मुळं. रानात गेलो की काकडी, पेरू, दोरी, चुलीसाठी काटक्या सोलणं. यातल्या एकाही कामाला पाच मिलिमीटर जाडीचं पातं लागत नाही. करवतीचे दात तर नाहीतच.

सुरीने करायची नाहीत ती कामंही त्याच कागदावर लिहा. माती उकरायला खुरपं. पेन्सिलीएवढ्या हिरव्या फांदीला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. अंगठ्यापेक्षा जाड फांदीला कोयती किंवा छाटणीची करवत. नारळाला कोयता. कलम बांधायचं असेल तर कलमाचा वेगळा चाकू, तो मातीत आणि दोरीवर कधीही चालवायचा नाही. एकाच सुरीकडून ही सगळी कामं करून घ्यायच्या हट्टापायी लोक जाड, जड आणि महाग सुरी घेतात, आणि मग तिने दुधीसुद्धा धड कापला जात नाही, फुटतो.

एक सुरी आणि एक कोयती मिळून मला साडेसातशेच्या आत पडली. त्या दोघींनी माझं सगळं भागतं.

माप

पातं 9 ते 12 सेंटीमीटर लांब, म्हणजे साधारण चार बोटांच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. यापेक्षा लांब पात्याचं टोक कुंडीत मुळं कापताना नेमकं कुठे आहे ते कळत नाही. पाठीची जाडी 2 ते 3 मिलिमीटर. रुंदी अडीच-तीन सेंटीमीटर पुरे. टोक फार निमुळतं, सुईसारखं नको. ते आधी मोडतं आणि मोडायच्या आधी कुठेतरी घुसतं.

जाडीचं गणित सोपं आहे. पातं पाचरीसारखं असतं. पाठ जाड आणि रुंदी कमी, तर पाचर बोजड. ती कापत नाही, फाडते. बांबू चिरायला ते चालेल, पण वर्षात बांबू किती वेळा चिरता आणि दोरी किती वेळा कापता ते फ्रिजवरच्या कागदाला विचारा.

लोखंड की स्टेनलेस

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक याच जागी होते.

सुरीच्या पात्याला कडकपणा येतो तो पोलादातल्या कार्बनमुळे आणि त्याला दिलेल्या पाण्यामुळे. लोहार पातं लाल तापवतो, एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवतो, मग पुन्हा बेताने ऊब देतो. पहिल्या बुडवण्याने पातं काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं, दुसऱ्या उबेने ठिसूळपणा जातो. यालाच आपण ‘पाणी देणं’ म्हणतो. साध्या पोलादात कार्बन साधारण अर्ध्या टक्क्याच्या पुढे असला तरच हे पाणी नीट चढतं. गेट-ग्रिल बनवायच्या लोखंडी पट्टीत तो इतका कमी असतो की किती का पाणी द्या, पातं मऊच राहणार. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात मात्र तो साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो. म्हणून आपल्याकडचे लोहार आणि घिसाडी जुना पाटा जिवापाड जपतात. चांगला कोयता त्याचाच होतो.

स्टेनलेसमध्ये क्रोमियम किमान साडेदहा टक्के असतं, त्यामुळे गंज कमी धरतो. पण स्टेनलेस म्हणजे एकच धातू नव्हे. घरातला डबा, ताट, वाटी अनेकदा 304 सारख्या जातीच्या स्टीलची असते. त्या स्टीलला तापवून-बुडवून कडकपणा येतच नाही. सुरीसाठी 420 किंवा त्याहून जास्त कार्बनच्या जाती वापरतात. 420 मधली स्वस्त जात सहज गंजत नाही, पण तिची धार लवकर बोथट होते. स्वीडनचं 12सी27 हे स्टील बाहेरच्या कामाच्या सुऱ्यांत नावाजलेलं आहे. मोरा या स्वीडिश कंपनीच्या कम्पॅनियन सुरीच्या स्टेनलेस प्रकारात तेच वापरतात, अडीच मिलिमीटर जाडीचं, कडकपणा रॉकवेल मोजमापावर 56 ते 58 च्या घरात. सुरी उत्तम, पण आयात होऊन येते म्हणून इथे तिची किंमत चढते. जाहिरातीत ‘सर्जिकल स्टील’ एवढंच लिहिलं असेल तर काहीच लिहिलं नाही असं समजायचं.

दुकानात दोन परीक्षा घ्या. पहिली: फ्रिजवरचं चुंबक खिशात घालून न्या. सुरीच्या स्टेनलेसला ते चिकटलं पाहिजे. चिकटलं नाही तर ते ताट-वाटीचं स्टील आहे, सुरी परत ठेवा. (चिकटलं म्हणून पास झाली असं मात्र नाही, साध्या लोखंडी पट्टीलाही चुंबक चिकटतं.) दुसरी: दुकानदाराला विचारून, मुठीलगतच्या धारेच्या कोपऱ्यावर जुनी कानस हलकेच ओढा. चरचर करत सहज भुकटी निघाली तर पातं मऊ आहे. कानस बरीचशी घसरली आणि पुसट रेघ उठली तर पाणी दिलेलं आहे. ‘कानस लावू का?’ म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा कसा होतो, ही न विचारता होणारी तिसरी परीक्षा.

मग लोखंडी घ्यावी की स्टेनलेस? लोखंडी पातं, म्हणजे खरं तर कार्बन पोलाद, दगडावर पटकन धार घेतं आणि स्वस्तही पडतं. पण ठाण्यात एका बाजूला खाडी, वर चार महिने पाऊस. सुरी ओली राहिली तर दुसऱ्या सकाळी नारिंगी ठिपके हजर. हात धुतल्यावर सुरीही पुसायची सवय असेल तर कार्बन घ्या. घरात तीन माणसं तीच सुरी वापरून ती बादलीत टाकून देत असतील तर स्टेनलेस घ्या आणि महिन्याला धार लावा. आमच्या घरी दुसरी परिस्थिती आहे, त्यामुळे सुरी स्टेनलेस, आणि माझ्याशिवाय कुणी हात न लावणारी कोयती लोखंडी.

मूठ, आणि मुठीच्या आत काय आहे

माझी पहिली सुरी मोडली ती इथेच. पात्याचा मुठीत शिरणारा भाग, त्याला टँग म्हणतात, किती लांब आहे ते पाहा. मुठीच्या दोन्ही कडांना धातूची पट्टी शेवटपर्यंत दिसते, वर दोन किंवा तीन रिबिटं असतात, ती पूर्ण टँगची सुरी. ही सगळ्यात निर्धास्त. प्लास्टिकची मूठ ओतून बसवलेली असेल तर आत दिसत नाही. मग तोल बघा. मुठीच्या सुरुवातीला, तर्जनी जिथे येते तिथे, सुरी बोटावर आडवी ठेवा. पात्याकडे एकदम गडगडली आणि मूठ कागदासारखी हलकी वाटली तर आत फारसं काही नाही. मूठ पोकळ असेल, झाकण फिरवून उघडत असेल, तर बोलणंच खुंटलं.

मग मूठ ओली करून बघा. दुकानात पाण्याची बाटली असतेच. मे महिन्यात गॅलरीत दहा मिनिटं काम केलं की तळहात तसाच घामाने निथळतो, तेव्हा गुळगुळीत लाकूड आणि चकचकीत प्लास्टिक सटकतं. जरा खरखरीत रबरासारखी मूठ बरी. बोट पुढे घसरून धारेवर जाऊ नये म्हणून मुठीच्या पुढच्या टोकाला छोटासा उंचवटा हवाच. बोटांसाठी चार खोल खाचा पाडलेली मूठ मात्र टाळा. त्या खाचा ज्याच्या हाताच्या मापाच्या आहेत तो माणूस तुम्ही नाही.

रंग भडक घ्या. हे कुणी सांगत नाही. माझी हिरव्या मुठीची एक सुरी हरवली आणि दोन महिन्यांनी कंपोस्टच्या ड्रमच्या तळाशी सापडली. मूठ जशीच्या तशी, पात्याची चाळण. आता मी प्रत्येक मुठीवर इलेक्ट्रिशियनची लाल टेप गुंडाळतो.

कुठे घ्यायची

‘आउटडोअर नाइफ’ म्हणून शोधलं की किंमत दुप्पट होते. त्याऐवजी हॉटेलांना आणि खाटकांना भांडी-सुऱ्या पुरवणाऱ्या दुकानात जा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात भांड्यांच्या आणि हार्डवेअरच्या गल्ल्या फिरलात तरी अशी दुकानं दिसतील. तिथे मांस हाडावरून सोडवायची लहान सुरी मागा. पातं ताठ आणि पातळ, मूठ ओतीव, न घसरणारी, कारण खाटकाचे हात दिवसभर ओले असतात. ती रोज आठ तास वापरायला बनवलेली असते, आणि खाटीक होकायंत्राचे पैसे देत नाही. मी घेतलेली सुरी पावणेचारशेला पडली. पातं पंधरा सेंटीमीटरचं होतं, माझ्या मापापेक्षा लांब. टोकाचे तीन सेंटीमीटर ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ग्राइंडरवर घासून घेतले, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवत. न बुडवता घासलं असतं तर पाणी उतरलं असतं.

कोयतीसाठी आठवडी बाजार किंवा जत्रा. मुरबाडजवळ म्हसा गावी पौष पौर्णिमेला जत्रा भरते. जनावरं आणि घोंगड्यांसाठी तिचं नाव आहे, पण मला तिथे कोयती मिळाली, साडेतीनशेला. विकणाऱ्या आजोबांना विचारलं, “पाट्याची आहे का?” त्यांनी उत्तर दिलं नाही, कोयती दोरीने टांगली आणि दुसऱ्या कोयतीने टिचकी मारली. खणखणीत आवाज आला, घंटेसारखा लांबलेला. मग शेजारची, जराशी स्वस्त, तशीच टांगून वाजवली. ती ‘ठक्’ म्हणून गप्प झाली. पात्याला बारीक चीर असली किंवा मूठ सैल असली की आवाज असाच बसतो.

लोहाराची वस्तू घरी आणल्यावर लगेच तपासा, म्हणजे बदलून घेता येते. सुक्या बांबूच्या गाठीवर दहा घाव घाला आणि धार उजेडाकडे धरून पाहा. चांगली धार दिसतच नाही. जिथे चमक दिसते तिथे ती बिघडली आहे. लांबट चमक म्हणजे धार एका बाजूला वळली, पातं मऊ. बारीक बारीक ठिपके म्हणजे दाते पडले, पातं जास्त कडक. दोन्ही दोष लोहार पुन्हा पाणी देऊन काढू शकतो, आणि चांगला लोहार त्याला नाही म्हणत नाही.

ऑनलाइन घ्यायचीच असेल तर फोटोत पाठीची जाडी, टँग आणि स्टीलची जात या तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का बघा. तीनही नसतील तर पुढे जा. पात्यावर दमास्कसची, म्हणजे पोलादाचे थर जोडून घडवल्यावर उमटते तशी लाटा-लाटांची नक्षी आणि किंमत सहाशे, तर ती नक्षी बहुधा वरवर कोरलेली असते.

पाइपचं म्यान

खाटकाच्या सुरीला म्यान येत नाही, ते घरी करावं लागतं. चामड्याचं म्यान मी एकदा शिवून घेतलं होतं. जुलैमध्ये त्याला बुरशी आली आणि आत पातं गंजलं. चामडं ओल धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला सोसत नाहीत. आपल्या हवेत प्लास्टिकच बरं.

प्लंबरकडे उरलेला 25 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मागा, वीतभर. चपटा केला की त्याची आतली रुंदी साधारण सव्वातीन सेंटीमीटर होते, म्हणजे तीन सेंटीमीटर रुंद पातं मोजून बसतं. पातं याहून रुंद असेल तर पुढच्या मापाचा पाइप घ्या. आधी जाड पुठ्ठा पात्याच्या आकारात कापून, थर चिकटवून पात्याहून जरासं जाड सोंग तयार करा. खरी सुरी या कामात लांब ठेवायची. पाइप मऊ करायला हॉट एअर गन असेल तर उत्तम, नसेल तर जुन्या पातेल्यात उकळत्या पाण्यात दोन-चार मिनिटं धरा. गॅसच्या ज्योतीवर कधीही नको. जळत्या पीव्हीसीचा धूर आम्लाचा असतो, घसा धरतो. पाइप लवचिक झाला की हातमोजे घालून बाहेर काढा, आत पुठ्ठ्याचं सोंग सरकवा, दोन फळ्यांमध्ये दाबा आणि वर धान्याचा डबा ठेवा. पाच मिनिटांत घट्ट. मग पुठ्ठा ओढून काढा, खालचं टोक पुन्हा ऊन करून चिमटा, पण पूर्ण बंद करू नका: पाणी निथळायला भोक राहिलं पाहिजे. वरच्या कडेला दोन भोकं पाडून सुतळी ओवली की कमरेला लटकतं. माझं पहिलं म्यान जरा सैल झालं, पात्यापाशी दोन वेढे टेप मारल्यावर बसलं.

कोयतीला म्यान लागत नाही. आपल्याकडची कोयती अडकवायची कंबरेची आकडी त्याचसाठी आहे. पण ती सवय असलेल्या माणसासाठी. नवशिक्याने जाड गोणपाटात गुंडाळून न्यावी.

कायदा आणि जंगलाची हद्द

शस्त्र नियम 2016 च्या अनुसूचीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात; घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. आपली चार-पाच इंची सुरी या मापाच्या खूप आत आहे. तरी ‘माप बसतं’ म्हणून ती कमरेला लावून ठाणे स्टेशनात फिरायचं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणासुदीला, निवडणुकीच्या काळात मनाई आदेश निघतात, त्यात सुरे बाळगण्यावर बंदी असते. सुरी म्यानात, म्यान कापडात, कापड बॅगेच्या तळाशी, आणि बॅगेत खुरपं-हातमोजे असतील तर तुमचं काम काय ते सांगावंही लागत नाही.

जंगलाचं प्रकरण मात्र निराळं. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 31 नुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू आहे, आणि कायद्यातल्या ‘हत्यारा’च्या व्याख्येत चाकू नाव घेऊन आहे. पनवेलजवळचं कर्नाळा, शहापूरकडचं तानसा, सगळीकडे हेच. तिथे जायचं असेल तर सुरी घरी ठेवा आणि काकडी दातांनी खा.

धार

सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडे कोयती द्यायला हरकत नाही. पातळ सुरी देऊ नका. कोरड्या चाकावर बारीक धार क्षणात तापते. धारेवर निळसर झाक आली की तिथलं पाणी उतरलं, मग ती जागा घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू खरबरीत, एक बारीक. ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे हलत नाही. पाण्याने भिजवा. पातं दगडावर सपाट टेकवा आणि पाठ उचला. किती? तीन सेंटीमीटर रुंद पात्याची पाठ एक सेंटीमीटर उचलली की कोन साधारण वीस अंशांचा होतो. करंगळीचं टोक पाठीखाली जेमतेम सरकेल एवढं. हा कोन न बदलता मुठीपासून टोकापर्यंत ओढत न्या. नेमकी धारेवर घासणी होतेय का ते कळायला धारेवर काळं मार्कर फिरवा. शाई धारेलगत गेली तर कोन बरोबर, धारेलगत तशीच राहून वरचीच गेली तर पाठ आणखी उचला.

एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेने अंगठा आडवा, बाहेरच्या दिशेने फिरवून खरखर लागते का बघत. तिलाच वर्कशॉपमध्ये बर म्हणतात. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर आली की बाजू बदला. दोन्हीकडे झालं की दगडाची बारीक बाजू, हलक्या हाताने, एकदा इकडे एकदा तिकडे. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून दहा-वीस वेळा ओढा. बहुतेक लोक बर काढत नाहीत, म्हणून त्यांची सुरी पहिल्या दिवशी झकास आणि दुसऱ्या दिवशी बोथट. पिकलेल्या टोमॅटोवर नुसती टेकवून ओढा. साल धरली पाहिजे. ट्रेकला दगड विसरलात तर चहाच्या चिनीमातीच्या कपाचं बूड बघा, त्याची चकाकी नसलेली कडा वेळ भागवते.

पावसाळा आणि चीक

कैरी, चिंच, केळीचा बुंधा कापला की कार्बनचं पातं करडं-काळं पडतं. तो गंज नाही, उलट पुढच्या गंजाला थोडा आळा घालतो. घासून काढू नका. नारिंगी दिसला तो गंज. बारीक स्टीलवूल आणि दोन थेंब तेल. फणस कापायच्या आधी पात्याला आणि हाताला खोबरेल लावा, चीक चिकटत नाही. साठवून ठेवताना मात्र शिलाई मशीनचं तेल, पातळ थर, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, म्यानात नाही. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मी त्याच डब्यात टाकतो.

रोगट झाडावरून निरोगी झाडाकडे जाताना पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. ब्लीच नको, पातं खातं.

हात

कापताना हाताच्या टप्प्यात दुसरं माणूस नको. दोरी कापताना अंगाबाहेर. हातातून सुटलेली सुरी पकडायची नाही, पाय मागे घ्यायचा. हे वाचून जमत नाही, एकदा चमचा मुद्दाम पाडून सराव करा. कापलंच तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. मातीने माखलेल्या पात्याने झालेली जखम असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

गेल्या महिन्यात माळीकाकांची ती ट्यूबवाली सुरी मी दगडावर घेतली. अर्धा तास लागला, बर नीट काढली, पट्ट्यावर ओढली. काकांनी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली आणि मान हलवली. ट्यूब बदलून लाल टेप गुंडाळू का विचारलं, तर सुरी माझ्या हातातून काढूनच घेतली.